यकृताला हिरवा सिग्नल

मी फार्मसिस्ट आहे असं कळल्यावर काका मला घर भाड्याने द्यायला तयार नव्हते.

गोमती नगरातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. माझा नवरा हवाई दलात, त्याची लखनौला बदली झालेली, क्वार्टर मिळायला अवकाश, आणि मी सांगलीहून येऊन इथल्या एका इस्पितळात नोकरी धरलेली. कुणीतरी म्हणालं, मराठी माणसाचं घर आहे, जाऊन बघा. गेलो. नवरा बोलत होता तोवर सगळं ठीक चाललं होतं. मग काकांनी मला विचारलं, "तुम्ही काय करता?"

"फार्मसिस्ट आहे. इस्पितळात."

"म्हणजे गोळ्या देता."

"देत नाही. डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या पेशंटला झेपतील का, एकमेकींशी भांडतील का, डोस बरोबर आहे का, ते तपासते."

"म्हणजे ऑडिट," काका म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ऑडिटवाल्यांशी माझं आयुष्यात कधी पटलेलं नाही."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, सांगलीची आहे. तिला भाकरी येत असेल." आणि तेवढ्यावर मला घर मिळालं. मला भाकरी येत नव्हती. ते काकूंना कळेपर्यंत आमचं सामान वर चढलं होतं.

काका मूळचे भुसावळचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात इंजिनियर, शेवटची नेमणूक लखनौला, आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. उंच, काटकुळे, विजार छातीपर्यंत ओढलेली. बनियनला त्यांनी शिंप्याकडून खिसा लावून घेतला होता, कारण भिंग ठेवायला जागा हवी. औषधाच्या खोक्यात तो घडी घातलेला पातळ कागद असतो ना, जो आपण न वाचता फेकून देतो, तो काका या भिंगाने अथपासून इतिपर्यंत वाचत. असा कागद पूर्ण वाचणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मीसुद्धा पूर्ण वाचत नाही, आणि मला त्याचा पगार मिळतो.

काकांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. ही बातमी ते बदलीची ऑर्डर वाचून दाखवावी तशा आवाजात सांगत. "डावी व्हीआरएसवर गेली, उजवी सस्पेंड झाली. सध्या कामकाज ठेकेदाराकडे आहे." ठेकेदार म्हणजे डायलिसिसचं मशीन. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, ते ई-रिक्षाने त्या ठेकेदाराकडे जात आणि चार तासांनी परत येत. आल्यावर काकू विचारत, "कसं झालं?" काका म्हणत, "गाडी वेळेवर."

पाणी मोजून प्यायचं होतं. लखनौचा जून महिना आणि दिवसाला जेमतेम काही पेले पाणी. काकांनी एका स्टीलच्या पेल्यावर कर्कटकाच्या टोकाने रेघा ओढून ठेवल्या होत्या. आमटीचं पाणी, चहाचं पाणी, ताकाचं पाणी, सगळं त्या रेघांमध्ये बसायला हवं. एकदा काकूंनी आमटी जरा पातळ केली, तर काका वाटी घेऊन जिना चढून माझ्याकडे आले. "ऑडिटर मॅडम, निकाल द्या. हे जेवण आहे की पाणी?" मी म्हटलं, पाणी. खालून काकू ओरडल्या, "तिला भाकरी येत नाही, तिला काय कळतं आमटीतलं!"

सब्जीवाल्याशी तर रोजचं रण. किडन्या गेल्यावर पोटॅशियमही मोजून खायचं असतं, म्हणून फाटकापाशी ठेला थांबला की काका भिंग घेऊन बाहेर. "भैया, पालक में पोटैशियम कितना है?" तो बिचारा कानाला हात लावून सांगायचा, "बाबूजी, क़सम से, कुछ नहीं मिलाया. सीधे खेत से आ रहा है." काका वळून मला म्हणायचे, "बघ. उत्पादकालाच माहीत नाही."

त्यांच्यावर रागवावं की हसावं हे मला कधी ठरवता आलं नाही. बहुतेक वेळा मी आधी रागवायचे आणि जिना चढताना हसायचे.

आता मुख्य गोष्ट. काकांनी जगातल्या सगळ्या औषधांची दोन खात्यांत वाटणी केली होती. जे औषध किडनीतून बाहेर पडतं ते किडनी विभाग. जे यकृतात फोडलं जातं ते यकृत विभाग. किडनी विभाग बंद, म्हणून त्या औषधांना लाल. यकृत विभाग चालू, म्हणून त्या औषधांना हिरवा. ही खूण करायला त्यांनी काकूंच्या टिकल्या घेतल्या होत्या. त्या मखमली, गोल, पाकिटात बारा-बारा येतात त्या. घरातल्या प्रत्येक गोळीच्या पाकिटाच्या कपाळी एकेक टिकली. शेजारच्या कॉलनीत हळदीकुंकवाला जायच्या दिवशी काकूंना हिरव्या साडीवर लावायला टिकली मिळेना. त्या औषधाचा डबा उघडून पोटदुखीच्या गोळीवरची काढून लावून गेल्या. परत आल्यावर काकांनी चौकशी लावली, की पोटदुखीच्या गोळीचा सिग्नल कुणी काढला.

मी त्यांना एकदा नाही, दहादा सांगितलं. "काका, असं नसतं. किडनी बंद पडली की यकृतही मंदावतं. जी औषधं यकृतच फोडतं, त्यातल्या काहींचा डोससुद्धा कमी करावा लागतो."

"यकृताने काय केलंय? त्याच्यावर कसला ठपका?"

"ठपका नाही. पण त्याचं काम कमी होतं."

काका उठले, कपाटातून फाइल काढली, सोनोग्राफीचा रिपोर्ट माझ्यापुढे धरला. "वाच. लिव्हर नॉर्मल इन साइझ."

"आकार नॉर्मल आहे, काका. काम नॉर्मल आहे असं कुठे लिहिलंय?"

"अच्छा. म्हणजे माणूस खुर्चीत बसलेला दिसतो, पण काम करत नाही, असं म्हणणं आहे तुमचं?"

"तुम्ही सरकारी नोकरीत होता. तुम्हाला हे नवीन आहे?"

काकू आतून खदखदून हसल्या. काका मात्र दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या डोकेदुखीच्या गोळीला त्यांनी न विचारता हिरवी टिकली लावून दिली.

घरात ठीक होतं. काकांच्या स्वतःच्या गोळ्या काकू देत, आणि काकू डॉक्टरांच्या कागदाबाहेर एक कण देत नसत. टिकल्या म्हणजे नुसती शोभा. पण डायलिसिसच्या खोलीत काकूंना प्रवेश नव्हता.

तिथे काकांचा दरबार भरायचा. एका वेळी पाच-सहाजण, प्रत्येकाचा एक हात मशीनला बांधलेला, चार तास उठून कुठे जाता येत नाही. काकांना आयुष्यात असा श्रोतृवर्ग कधी मिळाला नव्हता. शेजारच्या पलंगावर लखनौजवळच्या मलिहाबादचे एक बागवाले असायचे. दशहरी आंब्याची बाग, पिढ्यान्‌पिढ्यांची. आंब्यातही पोटॅशियम, त्यामुळे स्वतःच्या बागेतला आंबा त्यांना वर्ज्य. काकांना आणायला गेले असताना मी त्यांना दोनदा पाहिलं होतं. पांढरा कुर्ता, बारीक आवाज, स्वतःला 'हम' म्हणायचे आणि मशीन लावणाऱ्या सिस्टरलाही दर वेळी "बड़ी मेहरबानी" म्हणायचे. काका त्यांच्याबद्दल फार आदराने बोलत. "असा माणूस नाही, यार. चार तासांत एकदाही मधे बोलत नाही."

एका शुक्रवारी दुपारी काका डायलिसिसहून आले आणि काहीच बोलले नाहीत. काकूंनी विचारलं, कसं झालं. उत्तर नाही. जेवायला बसले, घास घेतला नाही. काकू माझ्याकडे वर आल्या. माझी त्या दिवशी सुट्टी होती.

"अगं, हे बोलत नाहीयेत. चाळीस वर्षं मी देवाला म्हणत आले, दोन मिनिटं यांना गप्प कर. आज केलंय, तर मला भीती वाटतेय. तू चल."

मी खाली गेले. काका पुढच्या खोलीत औषधाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून म्हणाले, "समज, एक माणूस आहे."

"कोण माणूस?"

"समज म्हटलं ना. त्याला डायलिसिस आहे. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी आहे. किडनी बिघडल्यावर डॉक्टरांनी ती अर्धी केली. आता ती गोळी तर यकृत फोडतं. मी कागद वाचलाय. किडनीचा तिच्याशी काय संबंध? मग ती अर्धी का करायची? डॉक्टरांची चूकच ना?"

"काका, तुम्ही कुणाला काय सांगितलंत?"

ते डब्याचं झाकण उघडत होते, लावत होते. मग सांगितलं. दोन आठवड्यांपूर्वी बागवाल्यांनी सहज आपलं पाकीट दाखवलं होतं. काकांनी तिथल्या तिथे खिशातून हिरवी टिकली काढून लावली आणि म्हणाले, पूरी लीजिए, यह लिवर का मामला है, किडनीवाले डॉक्टर ने घबराकर आधी कर दी. आणि काका अर्धवट काम करणारे नव्हतेच. रोज संध्याकाळी सात वाजता ते बागवाल्यांना फोन करून विचारत, "पूरी ली?" पलीकडून उत्तर येई, "जी, ले ली." आदल्या दिवशी फोन उचलला गेला नव्हता. आज शेजारचा पलंग रिकामा होता. सिस्टर म्हणाली, नाकातून रक्त थांबेना म्हणून बुधवारी रात्री भरती केलं. हिरड्यांतूनही येत होतं. आणि डॉक्टर चिडलेत, कारण पेशंटने कबूल केलंय की गोळी मी मनानेच पूर्ण घेतली.

"मनाने," काका म्हणाले. "माझं नाव नाही सांगितलं त्याने."

मी खूप रागावले. काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, पण 'तुम्हाला दहादा सांगितलं होतं' हे वाक्य मी नक्की तीनदा म्हटलं. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी मला थांबवलं नाही. माझं बोलून झाल्यावर काका म्हणाले, "आता अकराव्यांदा सांग. मी ऐकतो."

मग मी खाली सतरंजीवर बसून सांगितलं. किडनी जी घाण रोज बाहेर टाकते, ती आता रक्तातच फिरत राहते. फिरत फिरत यकृतापर्यंत जाते. औषध यकृतात शिरतं त्या दारांपाशी ती अडून बसते. आत औषध फोडणारे जे कामगार आहेत, तेही कमी होतात आणि जे उरतात त्यांचा हात मंदावतो. डायलिसिसने थोडं सुधारतं, पण पहिल्यासारखं नाही. म्हणून गोळी यकृताचीच असली तरी ती फुटायला वेळ लागतो. कालची रक्तात शिल्लक असते, तिच्यावर आजची जाते. सगळ्याच औषधांचं असं होत नाही, काहींचंच होतं. कागदावर सगळंच छापलेलं नसतं. म्हणून डॉक्टर दर थोड्या दिवसांनी रक्त तपासून डोस ठरवतात.

काकांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "म्हणजे इंटरलॉकिंग."

मला समजलं नाही. त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले, जणू समोर सिग्नल ओढायचे खटके आहेत. "केबिनमधे एक खटका ओढायचा, तर बाकीचे खटके जागेवर आहेत का, हे यंत्र आधी बघतं. पुढचा रूळ अडलेला असेल तर मागचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. तू जीव तोडून ओढ, नाही होणार. एकट्या सिग्नलला कधीच विचारायचं नसतं. बेटा, छत्तीस वर्षं मी दुसरं काहीही केलं नाही. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. आणि इथे मी एकेक गोळी सुटी धरून तिला हिरवा देत बसलो."

त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांची दया आली आणि भीतीही वाटली. मलिहाबादचा तो सज्जन माणूस गेला, तर हा माणूस त्यानंतर जगेल पण पुन्हा बोलणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. काकूंनाही दिसत असावं. त्या आल्या, त्यांच्याशेजारी बसल्या आणि दोघं मिळून पाकिटांवरच्या टिकल्या नखाने काढायला लागले.

पुढचे दिवस वाईट गेले. मी इस्पितळातल्या ओळखीने चौकशी करत होते. रक्तस्राव थांबला, असं शनिवारी कळलं. पण धोका टळला असं कुणी म्हणेना. मंगळवारीही पलंग रिकामाच होता, कारण त्यांचं डायलिसिस वॉर्डातच चाललं होतं. काका सात वाजले की फोन हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे. दिवसभर टेबलाशी बसून काहीतरी लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. काकू म्हणाल्या, मृत्युपत्र असेल. मी डोकावून बघितलं. ते दुर्घटनेचा अहवाल लिहीत होते. रेल्वेच्या पद्धतीने, सरकारी हिंदीत, स्वतःला 'अधोहस्ताक्षरी' म्हणजे खाली सही करणारा म्हणवून, समास सोडून, तीन प्रतींत.

त्या शुक्रवारी काकूंनी मला काकांबरोबर पाठवलं. फार्मसिस्टचं ओळखपत्र दाखवून मी आत शिरले. बागवाले पलंगावर होते. चेहरा उतरलेला, हातावर जांभळे डाग, पण कुर्ता तसाच पांढरा. डॉक्टर फेरीवर होते. काकांनी पहिली प्रत त्यांच्या हातात दिली. डॉक्टरांनी उभ्या-उभ्या ती वाचली, एकदा काकांकडे बघितलं, आणि बागवाल्यांच्या फाइलमधे 'मनमर्ज़ी से दवा लेते हैं' असं जे लिहिलं होतं, त्यावर रेघ ओढली. "आपने लिखकर दिया, यह अच्छा किया," ते म्हणाले. "अब किसी की दवा को हाथ नहीं लगाएँगे आप." काका म्हणाले, "जी नहीं, सर." छत्तीस वर्षांत ते कुणाला इतक्या मनापासून सर म्हणाले नसतील.

मग मशीन लागलं. काकांचा डावा हात बांधला गेला, उजव्या हातात दुसरी प्रत. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली. "विषय: गोली को ग़लत सिग्नल दिए जाने के संबंध में. कारण: अधोहस्ताक्षरी का यह मान लेना कि एक लाइन बंद हो तो दूसरी पर असर नहीं पड़ता. परिणाम: एक शरीफ़ आदमी की जान पर बन आई, जिन्होंने अधोहस्ताक्षरी पर भरोसा किया था. ज़िम्मेदार: अधोहस्ताक्षरी." इथे त्यांचा आवाज चिरकला. "दंड: जो आप उचित समझें."

पलीकडचे दोन पेशंट मान वळवून बघत होते. सिस्टर हातातली पट्टी तशीच धरून उभी होती. बागवाल्यांनी हात पुढे केला. मी कागद त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो सावकाश वाचला.

"इंजीनियर साहब, बहुत ख़ूब लिखा है," ते त्यांच्या बारीक आवाजात म्हणाले. "बस एक जगह ग़लती रह गई."

"कहाँ?" काका उठून बसायला लागले, सिस्टरने त्यांना परत झोपवलं.

"आपने लिखा है कि हमने आप पर भरोसा करके गोली खाई. ऐसा नहीं है. भरोसा तो हमें डॉक्टर साहब पर था. हमें मालूम था कि आधी ही खानी है."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. "मालूम था? तो पूरी क्यों खाई?"

बागवाले संकोचले. त्यांना हे सांगणं त्या आजारापेक्षा जड जात होतं, असं मला वाटलं. "आपने इतने शौक़ से वह हरी बिंदी लगाई थी. फिर रोज़ सात बजे फ़ोन करके पूछते थे, पूरी ली? झूठ हमसे बोला नहीं जाता, और मना करना हमें किसी ने सिखाया नहीं. तो फ़ोन आने से पहले खा लेते थे."

काकांनी आपला मोकळा हात कपाळाला लावला आणि मोठ्याने, रडत असल्यासारखे, हसायला लागले. मीही हसले आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं.

"तो मना कर दिया कीजिए न, जनाब," काका म्हणाले. "हाथ जोड़ता हूँ. एक ही ख़ाली है, पर जोड़ता हूँ. मुझे मना कर दिया कीजिए."

बागवाल्यांनी जरा विचार केला.

"जी," ते म्हणाले, "आप कहते हैं तो कर देंगे."